कावड बांधा आणि सीट सोडा

खंडेनवमीला येळ्ळूरला बहिणीकडं गेलो होतो. अंगणात सगळी वाहनं धुऊन-पुसून रांगेत उभी होती. आधी ट्रॅक्टर, मग दाजींची मोटरसायकल आणि शेवटाला भाच्याची छोटी लाल सायकल. तिन्हींना झेंडूचे हार. सायकलीच्या कॅरिअरवर मात्र एक सहा फुटी काठी आडवी बांधलेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना जुन्या हवाई चपलेतून कापलेल्या गोल चकत्या होत्या. बांधणारी तिथंच बसली होती, दातात रबराची पट्टी धरून.

"काय बांधालीस गं?"

"कावड." पट्टी दातातून काढायची तिला गरज वाटली नाही. "ह्याला सायकल शिकवायची हाय, मामा. आता पडला तरी अर्धाच पडतोय."

भाची पाचवीत, तिचा भाऊ दुसरीत. दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती आणायला तो त्याच सायकलवरून गेला तेव्हा काठी निघालेली होती. मग मी बेळगावात आमच्या गल्लीतल्या तीन पोरांवर आणि एका वहिनींवर ही कावड लावून बघितली. पहिल्यांदाच मुलाला सायकल शिकवायला निघालेल्या आई-बापांसाठी, काका-मामांसाठी ती रीत इथं लिहितोय. चुका माझ्या आहेत, युक्ती तिची.

कॅरिअरला काठी बांधायची पद्धत तशी जुनी. मोठ्या काळ्या सायकलीच्या दांड्यातून पाय घालून शिकलेल्या आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. सायकल आडवी होऊ नये म्हणून काठी बांधायची, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. पोरीनं त्यात दोन गोष्टी घातल्या. टोकांना फिरत्या चकत्या, आणि काठी दर काही दिवसांनी वीतभर तोडायची. या दुसऱ्या गोष्टीतच सगळी गंमत आहे.

बाजूची चाकं आधी काढा

भाच्याच्या सायकलीला वर्षभर बाजूची छोटी चाकं होती. सरळ रस्त्यावर तो राजासारखा जायचा आणि वळणावर आला की थबकायचा. कारण साधं आहे. दोन चाकांची सायकल वळताना कलते, कलायलाच हवी. डावीकडं वळायचं तर डावीकडं कलावं लागतं. बाजूची चाकं जमिनीपासून जेमतेम बोट-दीड बोट वर असतात, त्यामुळं सायकल दोन-चार अंशांपलीकडं कलतच नाही. पोरगं डावीकडं हँडल वळवतं आणि अंग उजवीकडं फेकलं जातं. वर्षभर ते तीनचाकी चालवायलाच शिकतं. चाकं काढली की ती सवय मोडून नव्यानं सुरुवात.

कावडीचं तसं नाही. वीस इंची सायकलीचं कॅरिअर जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटर उंच असतं. सहा फुटी काठी बरोबर मधोमध बांधली तर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट उरते. चकती जमिनीला टेकेपर्यंत सायकल जवळजवळ तीस अंश कलू शकते. तेवढ्या मोकळ्या जागेत शिकायचं ते सगळं शिकून होतं. काठी लागते ती तोल पुरता गेल्यावरच.

सायकल उभी कशी राहते यावर आमच्या गल्लीत एक काका दर वेळी सांगतात, चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून. भोवऱ्याचा थोडा हात आहे खरा, पण २०११ साली संशोधकांनी तो परिणाम मुद्दाम पुसून टाकलेली सायकल बनवली आणि तीही, वर माणूस नसताना, तोल सांभाळत गेली. आपल्याला लागतं ते एवढंच: सायकल ज्या बाजूला पडत असेल त्या बाजूला हँडल वळवलं की चाकं पुन्हा अंगाखाली येतात. शिकणारा नेमकं उलट करतो, भिऊन दुसरीकडं ओढतो आणि पडतो. भाचीनं भावाला हे एका ओळीत शिकवलं होतं, "पडालंय तिकडंच वळीव." मी वीस मिनिटं समजावलं असतं.

कावड कशी करायची

काठी चिव्याची घ्या. चिवा म्हणजे भरीव बांबू, टोकात खिळा धरतो. पोकळ बांबू असेल तर टोकात लाकडाची खुंटी ठोकून घ्यावी लागेल. लोखंडी पाइप अजिबात नको. जड होतो, आणि कुणाच्या नडगीला लागला तर दवाखाना.

चपल जुनी, जाड तळाची. वाटी उपडी ठेवून पेनानं गोल काढा आणि ब्लेडनं कापा. चार बोटं रुंदीची चकती पुरते. एका बाजूला दोन चकत्या एकावर एक चिकटवल्या तर जास्त टिकतात. मधोमध भोक पाडायचं ते खिळ्यापेक्षा किंचित मोठं, नाहीतर चकती फिरणार नाही आणि नुसती घासत जाईल. घासली की सायकल त्या बाजूला खेचली जाते. भाचीच्या पहिल्या कावडीत हेच झालं होतं, पोरगं अंगणातल्या तुळशीकट्ट्यावर जाऊन थांबलं.

आता खिळा. चिव्यात थेट ठोकला तर काठी उभी चिरते. आधी टोकाशी बारीक तार करकचून गुंडाळा, गिरमिटानं भोक पाडा, मग सोड्याच्या बाटलीचं झाकण, चकती, पुन्हा झाकण असं ओवून खिळा आत घाला. झाकण वायसरचं काम करतं. खिळ्याचं डोकं झाकणाच्या भोकापेक्षा मोठं हवं, हे सांगायला नको, पण मी विसरलो होतो.

बांधायला दोरी घेऊ नका. पंक्चरच्या दुकानात फाटक्या ट्यूबा पडलेल्या असतात, मागितल्या की मिळतात. त्यांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा आणि काठी कॅरिअरच्या पुढच्या भागावर, सीटच्या अगदी मागं, ताणून ताणून फुलीत बांधा. रबर घट्टही बसतं आणि धक्का बसला तर थोडं देतंही. काठी कॅरिअरच्या मागच्या टोकाला बांधली तर वळताना ती झाडूसारखी फिरते. मोजून मधोमध बांधा. एक बाजू लांब राहिली की पोरगं नकळत त्या बाजूला रेलायला लागतं.

बांधून झालं की सायकल स्वतः हातात धरून दोन्हीकडं आडवी करून बघा. दोन्ही चकत्या सारख्याच कलाला टेकल्या पाहिजेत.

सायकल

मुलाच्या मापाची हवी. पाच-सहा वर्षांच्या पोराला सोळा इंची, सात-आठच्या पुढं वीस इंची. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, गुडघे किंचित वाकून. म्हणजे सीट खाली घ्या, लाज वाटेल इतकी खाली. "वाढतंय पोरगं, पुढं उपयोगी पडंल" म्हणून मोठी सायकल घेतली जाते तिथंच निम्मं शिकणं अडतं.

सीमाभागात पुष्कळ घरांत पडवीला एखादी शाळेची सायकल टेकवलेली असते. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीतल्या मुला-मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्यातली. ताई शिकून, लग्न होऊन गेली, सायकल राहिली. मोठ्या माणसाला शिकायला ती उत्तम आहे. सात वर्षांच्या पोराला तीवर बसवू नका.

ब्रेक मुलाच्या बोटांनी दाबून बघा, तुमच्या नव्हे. हवा अंगठ्यानं दाबल्यावर जेमतेम दबेल इतकी.

हवेवरून आठवलं. डनलॉप नावाच्या एका जनावरांच्या डॉक्टरानं आपल्या पोराच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून रबरी नळीत हवा भरून बघितली आणि १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बेळगावात सायकलीचं दुकान काढलं. सायकल विकायची, वर चालवायला शिकवायची. शिकवणीचे पंधरा रुपये घेत, असं सांगतात. तेव्हाचे पंधरा! किर्लोस्कर रोडवरून जाताना मला आता त्यांच्या लोखंडी नांगरांच्या आधी त्या शिकवण्या आठवतात. तेव्हा सीट धरून मागून कोण पळत असेल?

पॅडल काढा

पहिले तीन-चार दिवस पॅडल नको. १८१७ साली जर्मनीत मानहाइमला ड्राइस यांनी जी पहिली दोनचाकी चालवली तिला पॅडल नव्हतंच, पायानं जमीन ढकलत जायचं. तोल आधी आला, पॅडल पुष्कळ नंतर. पोरांनाही त्याच क्रमानं सोपं जातं.

इथं मी हात पोळून घेतलाय, म्हणून नीट वाचा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. बहुतेक सायकलींना १५ चा पाना लागतो. पाना वरच्या अंगाला धरा आणि मागच्या चाकाकडं ओढा, दोन्ही पॅडलं त्याच रीतीनं सुटतात. बसवताना पुढच्या चाकाकडं. पॅडलवर डावं-उजवं दाखवणारी 'एल' आणि 'आर' अशी अक्षरं असतात. मी अक्षरं न बघता उजवं डाव्या क्रँकला, म्हणजे पॅडलच्या दांडीला लावलं, जात नाही म्हणून जोर लावला, आणि क्रँकचे आटे गेले. दुकानदारानं नवा क्रँक घालता घालता माझ्याकडं जे बघितलं ते पाच-सहा दिवस विसरलो नाही. आटे हातानं दोन-तीन फेरे सहज गेले पाहिजेत, पाना त्यानंतरच.

जागा आणि वेळ

पाऊस सरला की सुरुवात करा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर चिखलात पोरगं घसरतं आणि मन उडतं. दसऱ्यानंतर ऊन सौम्य असतं. सुगी झाल्यावर गावाकडची खळ्याची चोपलेली जागा यासाठी सोन्यासारखी. शहरात शाळेचं मैदान. टिळकवाडीत लेले ग्राउंड आहे, व्हॅक्सिन डेपो आहे, पण सकाळच्या फिरणाऱ्यांमध्ये सहा फुटी कावड घेऊन शिरू नका. दुपारी चारला जा. डांबरी उतार तर मुळीच नको. थोडासा, दिसेल न दिसेल इतका उतार मात्र चांगला, गती आपोआप मिळते.

कावड लावलेली सायकल रस्त्यावर न्यायची नाही. ढकलतसुद्धा नाही. काठी मैदानात गेल्यावर बांधा.

आता शिकवणं, म्हणजे बाजूला उभं राहणं

पहिल्या दिवशी मला वाटलं, काठी आहे ती असू दे, आपण सीट धरून मागून पळू. चार पावलं पळालो आणि भाचा डावीकडं वळला. काठीचं डावं टोक फिरून थेट माझ्या गुडघ्याच्या वाटीवर. मी खाली बसलो. तो पुढं गेला, एकटाच, आणि विहिरीच्या कठड्याआधी पाय टेकून थांबला.

भाची बांधावर बसून बघत होती. म्हणाली, "मागं कुणी यायचंच न्हाई मामा. म्हणूनच लांब ठेवलीय."

मला वाटत होतं काठी पोराला पडण्यापासून वाचवते. ती मोठ्यांनाही पोरापासून लांब ठेवते. आपण सीट धरतो तेव्हा सायकल आपण सरळ करतो, पोरगं नाही. हातानं केलेली दुरुस्ती त्याच्या अंगात कधी जात नाही, आणि हात सुटला की आपण फसवलं असं त्याला वाटतं. कावड फिरती असल्यामुळं मागून धरताच येत नाही. दहा पावलं बाजूला उभं राहायचं आणि जेवढं बोलावं लागेल तेवढंच बोलायचं.

बोलण्यातही एकच माणूस. येळ्ळूरच्या अंगणात आजी "हळू रे बाळा" म्हणत होती, दाजी "ब्रेक, ब्रेक" ओरडत होते आणि शेजारच्या अज्जी ओट्यावरून "मुंद नोड, मुंद नोड" करत होत्या. भाच्यानं अज्जींचं ऐकलं. कानडी असो की मराठी, पुढं बघ हीच सूचना खरी. पोरगं चाकाकडं बघतं तोवर तोल येत नाही. समोर वीस पावलांवर लाल टॉवेल घेऊन कुणाला तरी उभं करा, नजर आपोआप वर जाते.

क्रम असा. चढताना पाय पुढून घालायला सांगा, मागून फिरवला तर काठी आडवी येते. आधी बसून नुसतं चालायचं, दोन्ही पायांनी. मग लांब टांगा. मग दोन्ही पायांनी एकदम ढकलून पाय उचलायचे. पाय वर असताना बेचा पाढा म्हणायचा. पहिल्या दिवशी "बे त्रिक सहा"ला पाय टेकतात. "बे दाहे वीस"पर्यंत सलग तीनदा गेलं की पॅडल लावायची वेळ झाली. हे माप भाचीचं, आणि मला अजून यापेक्षा चांगलं सापडलेलं नाही. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला आठ. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त एका वेळी नको, दमलेलं पोरगं हँडल घट्ट धरायला लागतं.

याच दिवसांत ब्रेक शिकवून घ्या. पॅडल लागल्यावर नव्हे. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबत. खडूनं रेघ मारा आणि पुढचं चाक रेघेवर थांबवायला सांगा. पोरं या खेळात तासभर रमतात, आवरावं लागतं.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका. खरचटलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, हळद नंतर. धनुर्वाताची लस कधी घेतली ते घरातल्या कार्डावर बघून ठेवा.

पॅडल चढवल्यावर

सीट बोटभरच वर घ्या. एक पॅडल पुढं आणि थोडं वर, त्यावर पाय, दुसऱ्या पायानं जमीन ढकल, आणि पॅडलवर जोर. पहिले तीन फेरे महत्त्वाचे. गती मिळाली की तोल आधीच येत असतो. पोरगं पॅडल शोधायला खाली बघतं, तेव्हा तुमचं "पुढं बघ" एवढंच काम.

आता चकत्या अधूनमधून टेकतील, विशेषतः वळणावर. टेकल्याचा आवाज येऊ द्या. त्या आवाजानं पोराला कळतं की कल जास्त झाला. मैदानात दोन चपला ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायला लावा, आधी मोठा, मग लहान.

काठी तोडणं

एका फेरीत, म्हणजे पाच-सहा मिनिटांत, चकती एकदाही टेकली नाही की दोन्ही टोकांनी एकेक वीत तोडा आणि चकत्या पुन्हा बसवा. आता सायकल पस्तीस अंशांच्याही पुढं कलेल. पुढच्या वेळी आणखी एक वीत. तिसऱ्यांदा तोडायच्या आत बहुतेक पोरं स्वतःच म्हणतात, काढ ही. भाच्यानं दुसऱ्या तोडीनंतर म्हटलं. त्याच्या पुढं गल्लीत एका मुलीनं काठी हातभर राहिली तरी काढू दिली नाही. राहू दिली. ती लागत नव्हती, पण होती.

तोडताना पोराच्या हातात करवत द्या, काठी तुम्ही धरा. माझी काठी मी तोडली, हे भाचा शाळेत आठवडाभर सांगत होता.

मोठ्या माणसांसाठी

वहिनी बेचाळीस वर्षांच्या. मोठ्या सायकलीचं कॅरिअर उंच, म्हणून काठी सात फुटांची घेतली. शिवाय मोठ्या माणसाचं वजन चिवा पेलत नाही, मोडतो. त्यांच्या बाबतीत कावड फक्त इशारा म्हणून कामाला आली, खरा आधार खाली घेतलेल्या सीटचा. साडी नको, ओढणीही बांधून घ्या, चेनकव्हर हवंच. त्यांनी वेळ निवडली ती रात्री साडेनऊची, गल्लीत कुणी नसताना. मोठ्यांना पडण्यापेक्षा बघणाऱ्यांची भीती जास्त, तेव्हा बघे नकोत एवढी काळजी घ्या. अकरा दिवस लागले.

कॅरिअर नसलेल्या गिअरच्या सायकलींना ही युक्ती चालत नाही. सीटच्या नळीला काठी बांधून बघितली, मांडीला लागते. अशा वेळी नुसतं पॅडल काढून शिकवा.

रस्त्यावर जाण्याआधी

एका हातानं हँडल धरून पन्नास पावलं जाता आलं पाहिजे, नाहीतर वळायचा हात दाखवता येणार नाही. मान वळवून मागं बघताना सायकल सरळ राहिली पाहिजे; तुम्ही मागं उभे राहून बोटं दाखवा आणि किती ते विचारा. घंटी वाजते का बघा, मागं लाल रिफ्लेक्टर लावा.

आणि गावाकडच्या रस्त्यांवर एक जास्तीची गोष्ट. पोरं दसऱ्यानंतर शिकतात आणि रस्त्यावर येतात तोवर कारखाने सुरू झालेले असतात. उसाचा ट्रॅक्टर मागून आला की उतरायचं, सायकल रस्त्याच्या कडेच्या मातीत घ्यायची आणि थांबायचं. पहिली ट्रॉली गेली म्हणून लगेच निघायचं नाही. मागं दुसरी असते.